हक्क कुणाचा? टॅटरशॉलच्या गढीची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

लॉर्ड कर्झन हे नाव घेतलं की आपल्याला शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवतं. १९०५ची बंगालची फाळणी, स्वदेशी, बहिष्कार, टिळकांची चळवळ. परीक्षेत कर्झनवर प्रश्न आला, तर उत्तरात त्याचं कौतुक लिहायची सोय नव्हती, आणि तसं लिहावंसं कुणाला वाटायचंही नाही. आज मी याच माणसाची एक वेगळी गोष्ट सांगणार आहे. ती घडली इंग्लंडमधल्या एका लहान गावात. तिची मुळं मात्र आपल्या इकडे, अहमदाबाद आणि विजापूरच्या मशिदींपर्यंत आलेली आहेत.

त्या गावाचं नाव टॅटरशॉल. इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशर नावाची काउंटी आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश. मुलूख सगळा सपाट, शेतीचा. काही वर्षांपूर्वी नॉटिंगहॅमला राहणारा माझा पुतण्या मला तिथं घेऊन गेला. "चाचा, फार अपेक्षा ठेवू नका, विटांचा एक मनोरा आहे फक्त," असं तो गाडीत म्हणाला. गाव बघायला अर्धा तास पुरतो. एक बाजारचौक, चौकात पंधराव्या शतकातला दगडी क्रूस, आणि एका घराच्या छपरावर बसवलेलं बाहुलीच्या घराएवढं 'टॉम थंब'चं घर. टॉम थंब म्हणजे इंग्रजी लोककथेतला अंगठ्याएवढा माणूस. चर्चच्या जमिनीत त्याची म्हणून दाखवतात ती चिमुकली फरशी आहे. तिच्यावर वय १०१ आणि मृत्यूचं साल १६२० कोरलंय. गाव म्हटलं की अशी एखादी आख्यायिका हवीच. ती कुठल्या देशात चुकलीय?

पण गावात शिरण्याआधीच, मैलभर अलीकडून, तो मनोरा दिसू लागतो. लाल विटांचा, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरूज, उंची साधारण १३० फूट. इंग्रजीत त्याला कासल म्हणतात. मी त्याला गढी म्हणेन, कारण लढाईसाठी तो बांधलेलाच नाही. लढाईच्या वास्तूला एवढ्या रुंद खिडक्या कोण ठेवतो? गढीवाल्याचं ऐश्वर्य दुरून दिसावं, हाच बांधण्याचा हेतू.

हा गढीवाला म्हणजे राल्फ क्रॉमवेल. इंग्लंडच्या राजाचं डोकं उडवणारा ऑलिव्हर क्रॉमवेल तो हा नव्हे. तो दोनशे वर्षांनी आला. राल्फ हा सहाव्या हेन्री राजाचा खजिनदार होता, १४३३ ते १४४३ अशी दहा वर्षं. त्याच सुमारास त्याने वडिलोपार्जित जुन्या दगडी वाड्याच्या जागी हा विटांचा मनोरा उभा केला. सुमारे ७ लाख विटा लागल्या असं सांगतात. त्या काळच्या इंग्लंडात वीट ही नवलाईची, श्रीमंती वस्तू होती आणि ती भाजण्याची विद्या समुद्रापलीकडून आली होती. बांधकामाच्या जुन्या हिशेबांत बाल्डविन नावाच्या वीटभट्टीवाल्याचा उल्लेख आहे. त्याच्या नावापुढे 'डचमन' असं लिहिलंय, म्हणजे माणूस परमुलखातला. आज ज्या इमारतीला इंग्लंडचा अस्सल वारसा म्हणतात, तिच्या विटा परक्या माणसाच्या हातून भाजून निघाल्या, हे मला तिथं उभं असताना फार बरं वाटलं. वास्तूंच्या बाबतीत 'आमचं' आणि 'त्यांचं' यांची फारकत करायला गेलं, की कुठेतरी असा एखादा बाल्डविन आडवा येतो.

मनोऱ्याच्या चारही मजल्यांवर थोरल्या दालनात भिंतीत बांधलेली एकेक दगडी शेकोटी आहे. फायरप्लेस म्हणतात ती. माणूस आत उभा राहील एवढी मोठी. वरच्या दगडी पट्टीवर घराण्यांच्या ढाली कोरलेल्या, आणि मधूनमधून खजिनदाराची थैली. सोबत क्रॉमवेलचं ब्रीद, जुन्या फ्रेंच भाषेतलं. त्याचा अर्थ असा: 'माझा हक्क नाही का?' प्रश्नाच्या रूपात ब्रीद असणं विरळाच. हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढची पाचशे वर्षं या गावात तोच विचारला जाणार आहे.

क्रॉमवेल १४५६ साली निपुत्रिक वारला. गढीशेजारचं चर्च त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून, विल्यम वेनफ्लीट या बिशपच्या देखरेखीखाली पुरं झालं. गढीचे मालक मात्र बदलत गेले. कधी राजा, कधी ड्यूक, पुढे लिंकनचे अर्ल. १६९३ नंतर मालकी दूर राहणाऱ्या घराण्याकडे गेली आणि तिथं राहणारं कुणी उरलं नाही. छप्पर गेलं, मजले गेले, खंदक बुजले. आपल्याकडच्या कितीतरी गढ्यांची हीच कहाणी आहे. पोपडे पडलेल्या भिंतीतून पिंपळ उगवतो एवढाच फरक.

चर्चचं काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. त्याच्या खिडक्यांत पंधराव्या शतकातली रंगीत काच होती. १७५७ साली ती काच काढून स्टॅमफर्ड गावच्या दुसऱ्या उमरावाला देऊन टाकली गेली. बदल्यात साधी काच बसवायची, असं ठरलं होतं. ती बसली नाही. वर्षानुवर्षं वारा-पाऊस चर्चच्या आत येत राहिला. रविवारी तिथं प्रार्थनेला बसणाऱ्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारण्याची पद्धतच नव्हती. मालकाला वाटलं, मालकाने दिली. त्याचा हक्क नव्हता का?

मग आलं १९१० साल. गढी विक्रीला निघाली. जुन्या इमारती राखण्यासाठी १८९५ साली स्थापन झालेली नॅशनल ट्रस्ट ही संस्था होती, पण तिला पैसा उभा करता आला नाही. गढी व्यापाऱ्यांच्या हाती गेली. अमेरिकेत तेव्हा नवे कोट्यधीश होत होते आणि त्यांना जुन्या युरोपचे तुकडे आपल्या घरात हवे होते. टॅटरशॉलच्या चारही शेकोट्या भिंतीतून उपसून काढल्या गेल्या, पेट्यांत भरल्या गेल्या आणि अमेरिकेकडे रवाना व्हायच्या वाटेला लागल्या. अख्खा मनोराच वीट न् वीट मोकळी करून समुद्रापार नेणार, अशीही बोलवा होती.

हे सगळं कायद्याला धरून चाललं होतं. जॉन लबक या खासदाराने दहा वर्षं खटपट करून १८८२ साली प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा संमत करून घेतला होता, पण तो अगदी दुबळा होता. त्याच्या पहिल्या यादीत आयर्लंड धरून अवघी ६८ स्मारकं. स्टोनहेंजसारखी शिळावर्तुळं, प्रागैतिहासिक थडगी, म्हणजे ज्यांत कुणी राहत नव्हतं आणि ज्यांचा कुणाला फारसा उपयोग नव्हता अशी. मालकाने आपणहून स्मारक सरकारच्या स्वाधीन केलं तर सरकार सांभाळणार. नाही केलं तर सरकारने हात जोडून उभं राहायचं. याचं कारण उघड आहे. कायदा करणाऱ्या सभागृहात जमीनदारच बसले होते. खासगी मालमत्तेत सरकारने नाक खुपसणं त्यांना इंग्रज माणसाच्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटत होता.

टॅटरशॉलची बातमी कर्झनच्या कानावर गेली आणि १९११च्या नोव्हेंबरात त्याने गढी स्वतःच्या पैशाने विकत घेतली. शेकोट्यांचा देशभर शोध सुरू झाला. त्या लंडनमध्ये सापडल्या, जहाजावर चढायच्या बेतात. कर्झनने त्याही विकत घेतल्या. १९१२ साली त्या गाड्यांवर लादून गावात परत आल्या, तेव्हा आपल्याकडे हरवलेली देवाची मूर्ती किंवा पीराची चादर परत यावी तसा गावाला आनंद झाला.

आता प्रश्न असा, की हिंदुस्थानातून परतलेल्या एका उमरावाला लिंकनशरच्या शेकोट्यांची एवढी पडावी का? इथं आपला संबंध येतो.

कर्झन १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय होता. या काळात तो देशभरच्या जुन्या इमारती स्वतः पाहत फिरला. त्याला जे दिसलं त्याने तो संतापला, आणि संतापण्यासारखंच होतं. अहमदाबादची सिदी सय्यदची मशीद घ्या. तिची झाडाच्या फांद्यांसारखी दगडी जाळी जगप्रसिद्ध आहे. त्या मशिदीत इंग्रजी अमलात मामलेदार कचेरी भरत होती. लाहोरच्या किल्ल्यातली मोती मशीद हा सरकारी खजिना होता. विजापूरच्या मशिदींपैकी एकीत डाक बंगला होता, दुसरीत पोस्ट ऑफिस. मी सोलापूरकडचा. विजापूर आम्हाला शेजारचं. शाळेच्या सहलीत गोलघुमट पाहिला तेव्हा, जिथं कधीकाळी नमाज व्हायची तिथं साहेबाच्या मुक्कामाची पलंग-गादी होती, हे मला माहीत नव्हतं. पुढे वाचनात आलं. कर्झनने ही बिऱ्हाडं हलवली. १९०२ साली जॉन मार्शल या तरुण अभ्यासकाला पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून आणलं. आणि १९०४ साली प्राचीन स्मारक जतन कायदा केला.

हा कायदा इंग्लंडमधल्या कायद्यापेक्षा पुष्कळ पुढचा होता. सरकारला एखादी इमारत संरक्षित म्हणून जाहीर करता येऊ लागली. ती धोक्यात असेल तर सक्तीने ताब्यात घेता येऊ लागली. पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी घालता येऊ लागली. आणि एक कलम असं होतं, की सरकार सांभाळत असलेल्या प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाला न शोभेल अशा कामासाठी करायचा नाही. पोस्ट ऑफिसवाल्या मशिदींची आठवण त्या कलमामागे असणार. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली आपण आपला कायदा केला, त्यातही ते कलम राहिलं.

मित्रहो, इथं एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. कर्झनला हा कायदा इथं करता आला, कारण इथं त्याला अडवणारं कुणी नव्हतं. इथल्या माणसाला मत नव्हतं. १८९९-१९०० साली, म्हणजे कर्झनच्या कारकिर्दीच्या आरंभीच, गुजरात, राजस्थान आणि मुंबई इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली, आणि दुष्काळी मदतीवर सरकारने हात सैल सोडू नये असं म्हणणाऱ्यांत हाच कर्झन होता. दगडाच्या जाळीसाठी कळवळणारा माणूस पोटाच्या खळग्यासाठी हिशेब मांडत होता. म्हणून मी त्याचे पोवाडे गाणार नाही. पण त्याने वाचवलेली जाळी मी नाकारणारही नाही. ती जाळी कर्झनची नाहीच. ती कोरणाऱ्या हातांची आहे.

तर हा माणूस मायदेशी परतला, आणि त्याला दिसलं की आपण हिंदुस्थानात जे हुकुमाने केलं, ते आपल्याच देशात कायद्याने होऊ शकत नाही. विजापूरची मशीद वाचवता येते, लिंकनशरची गढी वाचवता येत नाही. टॅटरशॉल प्रकरणाने लोकमत जागं झालं होतं. कर्झनने लॉर्ड्सच्या सभागृहात नव्या विधेयकाचा जोरदार पुरस्कार केला आणि १९१३ साली इंग्लंडचा नवा स्मारक कायदा झाला. आता सरकार महत्त्वाच्या स्मारकांची यादी करणार, आणि यादीतल्या स्मारकाला हात लावायच्या आधी मालकाने महिनाभराची सूचना द्यायची. धोका दिसला तर सरकार जतनाचा आदेश काढू शकेल. कायदे लंडनहून कलकत्त्याला जातात, असं आपण समजतो. या एका बाबतीत विचार उलट्या दिशेने, कलकत्त्याहून लंडनला गेला.

कर्झनने टॅटरशॉलची दुरुस्ती करताना विल्यम वियर नावाचा वास्तुविशारद नेमला. तो एका विशिष्ट घराण्यातला होता असं म्हणायला हरकत नाही. विल्यम मॉरिस या कवीने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली होती, वियर तिच्या विचाराचा. मॉरिसचं सांगणं असं, की जुनी इमारत 'नव्यासारखी' करू नका. गळती थांबवा, भिंतीला आधार द्या, रोज थोडी काळजी घ्या. पण गेलेलं परत आल्याचा आव आणू नका. जुन्या वास्तू एकट्या आपल्या नाहीत, आधीच्यांच्या होत्या आणि पुढच्यांच्या व्हायच्या आहेत, असं तो म्हणे. एका कवीने एवढी व्यवहाराची गोष्ट सांगितली याचा मला, धंदाबंधू म्हणून, अभिमान वाटतो. वियरने छप्पर घातलं, मजले घातले, खंदक पुन्हा खणले, शेकोट्या आपापल्या जागी बसवल्या. १९१४ साली गढी लोकांसाठी खुली झाली. १९२५ साली कर्झन वारला आणि मृत्युपत्राने ती नॅशनल ट्रस्टकडे गेली. आजही तिच्याकडेच आहे.

पण १९१३च्या कायद्यातही दोन मोठी भोकं होती. माणसं राहतात ती घरं त्यातून वगळली होती, आणि वापरातली चर्चंही. म्हणजे रिकामी गढी वाचली. बाजारचौकातलं चालतं-बोलतं घर मात्र उघड्यावरच. ते भोक बुजायला दुसरं महायुद्ध व्हावं लागलं. १९४०-४१ आणि १९४२ मध्ये जर्मन बाँबनी कॉव्हेंट्री, बाथ, एक्सेटर अशी जुनी शहरं भाजून काढली. ढिगारे उपसणाऱ्या माणसांना प्रश्न पडे, की अर्धवट पडलेली ही भिंत पाडून टाकायची की टेकू देऊन राखायची? त्यासाठी वास्तुविशारदांकडून याद्या करवून घेतल्या गेल्या. त्या घाईच्या याद्यांतूनच १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांत कायमची यादी आली. इंग्लंडमध्ये 'लिस्टेड बिल्डिंग' म्हणतात ती हीच. सरकारी निरीक्षक गावोगाव, गल्लोगल्ली फिरले. पहिली पाहणी पुरी व्हायला दोन दशकं लागली.

आज इंग्लंडच्या यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत. त्यांत राजवाडे आहेत, तशा गोठ्याच्या भिंती, मैलाचे दगड, थडगी आणि लाल टेलिफोनच्या पेट्याही आहेत. १७०० सालापूर्वीची, फारशी न बदललेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत असते. तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात अडीच टक्के, त्याखालच्या तारांकित दुसऱ्या वर्गात सहा टक्क्यांच्या आसपास, आणि बाकी सगळ्या, म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त, साध्या दुसऱ्या वर्गात. टॅटरशॉलची गढी आणि चर्च दोन्ही पहिल्या वर्गात आहेत. ही वर्गवारीची पद्धत आपल्याकडेही आली. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली झाली, तिच्यातल्या श्रेणी याच धर्तीच्या आहेत.

यादीत नाव आलं म्हणजे नेमकं काय होतं? अशा घरात राहणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. खिडकीची लाकडी चौकट कुजलीय. बाजारात प्लास्टिकच्या तयार चौकटी स्वस्त मिळतात, थंडीही अडवतात. पण त्या लावायच्या तर कौन्सिलची परवानगी हवी, आणि ती बहुधा मिळत नाही. लाकडीच चौकट, जुन्या मापाची, जुन्या पद्धतीची करून घ्यायची. भिंतीला सिमेंट चालत नाही, चुनाच हवा, कारण जुनी भिंत चुन्यातून श्वास घेते. परवानगीशिवाय तोडफोड केली तर तो फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि गंमत अशी, की नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅटचा दर शून्य, जुन्या घराची दुरुस्ती केली तर २० टक्के. परवानगी घेऊन केलेल्या फेरबदलांना पूर्वी जी सूट होती, तीही २०१२ साली गेली. एका हाताने सरकार म्हणतं, जपा. दुसऱ्या हाताने जपणुकीवर कर घेतं.

घरमालक कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर खोटी नाही. यादीत नाव घालताना मालकाची संमती लागत नाही. 'माझा हक्क नाही का?' हा पाचशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आज साध्या घरातला पेन्शनर विचारतो. पण हक्क पूर्ण मोकळा सोडला तर काय होतं, तेही त्या देशाने पाहिलंय. लंडनच्या पश्चिमेला फायरस्टोन टायरचा देखणा कारखाना होता. तो यादीत येणार हे कळताच मालकांनी १९८०च्या ऑगस्टमध्ये, जोडून आलेल्या सुट्टीच्या दिवसांत, कचेऱ्या बंद असताना, त्याचा दर्शनी भाग पाडून टाकला. लोक एवढे खवळले, की सरकारला देशभरची पाहणी नव्याने, वेगाने करावी लागली. टॅटरशॉलपासून सत्तर वर्षं झाली होती, आणि मालकाची युक्ती तीच होती: कायदा दारात पोचायच्या आत उरकून टाका.

यादीने सगळे प्रश्न सुटतात असंही नाही. टॅटरशॉलच्या चर्चमध्ये शेकडो वटवाघळं राहतात. इंग्लंडात वटवाघळाला १९८१च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याला हुसकता येत नाही, त्याची जागा बंद करता येत नाही. आणि त्यांच्या मुतामुळे क्रॉमवेलच्या काळचे कोरीव पितळी स्मृतिपट खराब होतात. म्हणजे एका कायद्याने इमारत पवित्र, दुसऱ्या कायद्याने तिच्यातलं पाखरू पवित्र. तोडगा काढण्यासाठी २०१८ ते २०२३ या काळात अशा चर्चसाठी देशपातळीवर एक प्रकल्प चालला. रोजची उत्तरं साधी असतात. पितळेवर आच्छादन घालायचं, आणि झाडू हातात घ्यायचा. झाडू मारणारी माणसं गावचीच, बहुतेक साठी ओलांडलेली. कायदा इमारत पडू देत नाही हे खरं. पण ती झाडत नाही. ते काम कुणाला तरी दर आठवड्याला करावं लागतं.

आमच्या गावाला जुनी वेस होती. दोन्ही अंगाला देवड्या, वर नगारखाना. एका देवडीत हनुमान, पलीकडे भिंतीला लागून पीराचं ठाणं. मोहरमच्या सवाऱ्या आणि बैलपोळ्याची मिरवणूक तिच्याच खालून जायची. रस्ता रुंद करायचा ठरलं आणि दोन दिवसांत ती गेली. कुणी दुष्टपणाने पाडली असं नाही. रस्ता हवाच होता. पण पाडण्यापूर्वी तिचं माप कुणी घेतलं नाही, नकाशा कुणी काढला नाही, गावाला कुणी दोन शब्द विचारले नाहीत. ती कुठल्याच यादीत नव्हती. आज माझ्या नातवाला वेस कुठे होती हे दाखवायचं तर पेट्रोलपंपाकडे बोट करावं लागतं. टॅटरशॉलच्या मनोऱ्यावर उभा असताना मला त्या वेशीची आठवण येणं साहजिक होतं.

यादी म्हणजे तुरुंग नव्हे, हे म्हणूनच मला सांगावंसं वाटतं. यादीतली इमारत कधीच बदलता येत नाही, असं इंग्लंडचा कायदाही म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की बदलायच्या आधी थांबा, कारण सांगा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलू द्या. यादी ही सक्तीने घेतलेली उसंत आहे. १७५७ साली काच काढून नेली तेव्हा ती उसंत नव्हती. १९११ साली शेकोट्या उपसल्या तेव्हाही नव्हती. एक पैसेवाला माणूस वेळेवर धावून आला म्हणून त्या परतल्या. पण प्रत्येक गावाला कर्झन भेटत नाही, आणि त्याच्यासारख्याची वाट बघत बसावं अशीही माझी इच्छा नाही. गावाला स्वतःचा आवाज हवा, आणि तो ऐकायला बांधलेला कायदा हवा.

क्रॉमवेलच्या प्रश्नाचं उत्तर त्या कायद्याने असं दिलंय: हक्क आहे तुझा, पण एकट्याचा नाही. त्यात बाल्डविन वीटभट्टीवाल्याचाही वाटा आहे, रविवारी चर्चमध्ये कुडकुडत बसलेल्या शेतकऱ्यांचाही आहे, आणि अजून जन्माला यायच्या आहेत त्यांचाही आहे. मनोऱ्याच्या गच्चीवर गेलं, की हवा स्वच्छ असेल तर एकीकडे लिंकनचं कॅथीड्रल दिसतं आणि दुसरीकडे बॉस्टनच्या चर्चचा उंच मनोरा. जवळच कोनिंग्जबीचा हवाई तळ आहे. तिथली लढाऊ विमानं कानठळ्या बसवत डोक्यावरून जातात. आम्ही गेलो त्या दिवशी खाली दालनात शाळेची मुलं शेकोटीपुढे बसली होती आणि त्यांच्या बाई त्यांना दगडातल्या थैल्या मोजायला सांगत होत्या. मुलांची गिनती जुळत नव्हती. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.